बी.कॉम.नंतर पीए स्कूल: आधी केमिस्ट्रीची साखळी मांडा

प्रश्न असा आहे: मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.कॉम., अकरावी-बारावीही कॉमर्स, सध्या एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) न्यू जर्सीत, फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारे, उपचार करणारे) व्हायचंय. सायन्सचे विषय कुठून सुरू करावेत?

कॉलेजची फी भरण्याआधी पदवीचं कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन (प्रत्येक विषयाची अमेरिकी तुलना) करून घ्या. तीन वर्षांच्या भारतीय पदवीला अमेरिकी बॅचलरचा दर्जा दर वेळी मिळतोच असं नाही. तो नाही मिळाला तर नुसते प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी लागणारे विषय) करून भागत नाही, इथे बॅचलर पूर्ण करावी लागते. मग क्रेडिट असे निवडायचे की दोन्हीकडे चालतील.

अर्ज जातो कॅस्पातून (पीए प्रोग्रामांची सामाईक अर्जप्रणाली), आणि कॅस्पा परदेशी मार्क जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाही. म्हणजे बी.कॉम.चे जुने मार्क आड येत नाहीत, पण सगळा भार इथल्या ४०-५० क्रेडिटांवर येतो. त्यात रिपीट केलेला विषय जुन्या ग्रेडची जागा घेत नाही, दोन्ही धरले जातात. चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत सी (२.०) आला, पुन्हा करून ए (४.०) मिळवला, तरी त्या आठ क्रेडिटांची सरासरी ३.० राहते. म्हणून पहिल्या सेमिस्टरला दोनच सायन्स विषय घ्या. डळमळीत वाटलं तर मुदतीत ड्रॉप करा, ‘बघू पुढे’ म्हणत ओढू नका.

वेळ खाते ती केमिस्ट्री, कारण ती ओळीनेच करावी लागते: जनरल केमिस्ट्री १, मग २, मग ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. चार सेमिस्टर इथेच गेले. दहावीनंतर केमिस्ट्री सुटलेली असेल तर बरीच कॉलेजं आधी इंट्रोडक्टरी कोर्स आणि मॅथ्सची प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या पातळीपासून सुरू करायचं ते ठरवणारी परीक्षा) मागतात, म्हणजे अजून एक सेमिस्टर. प्लेसमेंटआधी अल्जिब्रा, लॉगॅरिदम घासून घ्या. बायॉलॉजी, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी १ व २ आणि मायक्रोबायॉलॉजी या साखळीच्या बाजूने बसवा. स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, मेडिकल टर्मिनॉलॉजी रिकाम्या जागी कुठेही.

कोर्सच्या नुसत्या नावावर जाऊ नका. कॅटलॉगमध्ये ‘सायन्स मेजरसाठी नाही’ अशी ओळ असेल, किंवा नर्सिंगवाल्यांची एका सेमिस्टरची केमिस्ट्री असेल, तर बहुतेक पीए प्रोग्राम ती धरत नाहीत. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन्ही भाग एकाच कॉलेजात करा. कुठे दोन्ही विषय मिसळून शिकवतात, कुठे वेगळे. मध्येच कॉलेज बदललं की शरीराची एखादी सिस्टीम दोनदा होते आणि दुसरी राहूनच जाते. हा विषय उन्हाळ्याच्या पाच-सहा आठवड्यांत कोंबणं म्हणजे ग्रेड घालवणं. कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी चालतं, पण बायोकेमिस्ट्री बहुधा चार वर्षांच्या कॉलेजातच मिळते. ऑनलाइन लॅबबद्दल प्रत्येक प्रोग्रामचा नियम वेगळा, ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबसही पीडीएफ करून ठेवा, कोर्स बसतो की नाही हे ठरवताना तोच मागतात.

हे सगळं आठ-दहा प्रोग्रामच्या एका तक्त्यात मांडा: विषय, क्रेडिट, लॅब, किमान ग्रेड, आणि विषय किती वर्षं जुना चालतो. ही मुदत अनेक ठिकाणी पाच ते दहा वर्षं असते, त्यामुळे आज एक, दोन वर्षांनी दुसरा असं रेंगाळलं तर पहिलाच बाद होऊ शकतो. कुठे क्वार्टरचे (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्राचे) क्रेडिट असतील तर दोन-तृतीयांशाने गुणा, म्हणजे सेमिस्टरचे होतात.

उरले पेशंट केअरचे तास. प्रोग्रामगणिक ५०० ते २००० किंवा जास्त. एच-४ वर शिकता येतं, पण ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) पगारी काम करता येत नाही, आणि हे तास बहुतेकांचे सीएनए (नर्सिंग सहाय्यक), ईएमटी (रुग्णवाहिकेवरचे तातडीचे उपचार करणारे) किंवा मेडिकल असिस्टंटच्या पगारी नोकरीतून होतात. स्वयंसेवेचे तास काही प्रोग्राम धरतात, काही नाही. शिवाय पगारी जागेवर फुकट काम करणं हे व्हिसाच्या दृष्टीने स्वयंसेवा ठरेलच असं नाही. जोडीदाराचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असेल तर ईएडीचा अर्ज पहिल्या सेमिस्टरलाच टाका. नसेल तर तक्त्यात कमी तास मागणारे आणि स्वयंसेवा धरणारे प्रोग्राम वर घ्या.