१० बाय १२ च्या बेडरूममध्ये दोन स्पीकर कुठे ठेवावेत? भिंतींना फोम लावू का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या सुदामा नगरात भाड्याची खोली आहे, एक स्पीकर लोखंडी कपाटावर, दुसरा कोपऱ्यातल्या टेबलावर. तुम्ही उशीला टेकून ऐकता, बेस नुसता घुमतो आणि गाणारा डावीकडे सरकलेला वाटतो.

फोमचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषतो. बेस तसाच घुमणार, वर गाणं दबलेलं वाटू लागणार, आणि घरमालक गोंदाचे डाग मोजत बसणार ते वेगळंच.

स्पीकरच्या आधी तुमचं डोकं कुठे असणार ते ठरवा. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झचा आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून राहतो. त्याचा जोर भिंतीलगत सगळ्यात जास्त, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. म्हणून उशीला टेकलात की बेस अंगावर येतो, आणि बरोबर मध्यावर बसलात तर गायब होतो. मागच्या भिंतीपासून पाच-सव्वापाच फुटांवर, म्हणजे पलंगाच्या पायथ्याकडे, मांडी घालून बसा.

आता स्पीकर. दोन्ही समोरच्या १० फुटी भिंतीकडे न्या, भिंतीपासून दीड फूट पुढे, एकमेकांपासून सहा फुटांवर. बाजूला दोन-दोन फूट उरतील आणि तुमचं डोकंही प्रत्येक स्पीकरपासून सहाच फुटांवर येईल. हे अंतर टेपने मोजाच. जो स्पीकर जवळ असतो, त्याच्याकडे गाणारा सरकतो. तुमचा डावीकडचा घोळ बहुधा हाच आहे. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा, कानाच्या उंचीला हवा. स्टँड नसेल तर मजबूत स्टूल चालेल, कपाट अजिबात नको, पत्रा थरथरतो. स्पीकर थोडे तुमच्याकडे वळवा.

बाजूच्या भिंतीवरून कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात ट्वीटर दिसला की तिथूनच आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो; तिथे पुस्तकांची मांडणी ठेवा किंवा जाडजूड गोधडी टांगा. दोन्ही बाजूंना.

पारखायला मोनो रेकॉर्डिंग लावा. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचं जुनं एखादं लावलंत तर सोन्याहून पिवळं. मोनोत दोन्ही स्पीकर एकच आवाज देतात, त्यामुळे खाँसाहेब बरोबर मधल्या रिकाम्या जागेतून गायला हवेत. आवाज कुठूनच येत नाहीसा वाटला आणि बेसही उडाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. अँप (अँप्लिफायर) बंद करून त्या बदला.

सगळं जमूनही बेस थोडा घुमलाच तर स्पीकर चार-चार बोटं पुढे ओढत ऐका. मागच्या बाजूला भोक असलेल्या स्पीकरना भिंत जास्तच नडते.