सोलापूरहून एका रविवारात किल्लारीचं भूकंपाचं स्मारक बघून येता येईल का? लहान मुलांना न्यावं का?

या की. मुलांनाही न्या. नळदुर्ग करून उमरग्यावरून गेलात तर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर पडतं. पण स्मृतिस्तंभाला हात जोडून लगेच गाडीत बसणार असाल तर डिझेल वाचवा.

मागच्या पावसाळ्यात मी मेहुण्याच्या घरच्यांना घेऊन गेलो होतो. नळदुर्गात नर-मादी धबधबे जोरात, सगळे खूश. जुन्या किल्लारीत उतरलो तर मेहुणा म्हणतो, "दाजी, इथं काय बघायचं? नुसत्या बाभळी."

त्या बाभळींत कमरेएवढी एक भिंत उरली होती. दोन-अडीच फूट रुंद. तिच्यात दिव्याची देवळी, आतून अजून काळी. भाचीनं फटीत बोट घातलं आणि माती भसाभसा गळाली. बाहेरच्या अंगाचे दगड वेगळे, आतल्या अंगाचे वेगळे, मध्ये माती नि चिपा. दोन्ही अंगं बांधणारा लांब आडवा दगड एकही नाही. मी बांधकामातला माणूस. अशी भिंत हलली की फुगते आणि दोन्हीकडं सांडते. वर माळवदाची, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या सपाट छपराची, फूट-दीड फूट माती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. जवळपास १०,००० माणसं गेली, ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. भूकंपानं माणसं मारली म्हणतात. भिंतींनी मारली.

तेव्हा मी सातवीत. आमच्या घरी फळीवरची भांडी पडली, गल्लीनं कडक भाकऱ्यांची पोती भरून टेम्पो पाठवला. त्या टेम्पोबरोबर आमचे काका गेले होते. एवढं सगळं बघून आले आणि तरी अक्कलकोटकडच्या आमच्या वाड्याला आजवर कुणाला हात लावू देत नाहीत. "लाकडी खांबांवरची माळवदं उभीच होती, मी डोळ्यानं बघितली!" खरंय, बऱ्याच ठिकाणी सांगाडा राहिला, भिंती तेवढ्या पडल्या. पण त्या आतही पडल्याच ना? खांबाला मिठी मारून कोण झोपतं?

हां, ३० सप्टेंबरलाच जाऊ नका, त्या दिवशी मानवंदना नि पुढाऱ्यांच्या गाड्या असतात. तिथल्या माणसांना "तुमचं कोण गेलं" असं विचारू नका, सांगायचं असेल तर ते सांगतात. पाणी सोबत ठेवा. आणि सगळीच माळवदं वाईट असं मी म्हणत नाही, पण गावाकडं तुमचं असेल तर येताना तिकडून या, भिंतीत खिळा घालून बघा.

भाचीच्या बोटाचा फोटो काकांना दाखवला. म्हणाले, "आपल्या भिंतीत चुना आहे."

मी घालून बघितलाय खिळा. माती आहे.