वाचक विचारतात: सुरक्षा एजन्सीचा परवाना, रक्षकाचं प्रशिक्षण आणि खासगी गुप्तहेर

प्रश्न: मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ओळखीच्या एका कारखान्यावर आठ माणसं लावून दिली आहेत. धंदा जमला की परवाना काढू, असा विचार आहे. चालेल का? आणि मला स्वतःला पुन्हा प्रशिक्षण कशाला?
(निवृत्त सुभेदार, सातारा)

उत्तर: चालणार नाही, आणि हे तुम्हाला आत्ताच स्पष्ट सांगायला हवं. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ज्याला ‘पसारा’ म्हणतात तो कायदा, कलम ४ मध्ये म्हणतो की परवान्याशिवाय एजन्सी चालवता येत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणसं आठ आहेत की ऐंशी, याने फरक पडत नाही. परवाना हातात येईपर्यंत ही आठ माणसं कारखान्याने थेट स्वतःच्या हजेरीपटावर घ्यावीत, पगारही कारखान्यानेच द्यावा. मधे तुमचं बिल असेल तर ती एजन्सीच.

अर्ज राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जातो. शुल्क कायद्यातच ठरलेलं आहे: एका जिल्ह्यासाठी ५ हजार, एकाहून जास्त पण पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १० हजार, अख्ख्या राज्यासाठी २५ हजार रुपये. तुम्हाला सातारा आणि पुणे दोन्हीकडे काम दिसत असेल, तर सुरुवातीलाच पाच जिल्ह्यांचा टप्पा घ्या.

अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राकडे नीट लक्ष द्या. त्यात चार गोष्टी येतात: कलम ६ मधली अपात्रता (परवाना कुणाला देता येत नाही, त्याची यादी) तुम्हाला लागू नाही, रक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय आहे, परवान्याच्या अटी पाळाल, आणि तुमच्यावर पोलिसांत किंवा कोर्टात कुठली प्रकरणं आहेत. शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण अडकतात. भावकीच्या बांधाच्या भांडणातला जुना गुन्हा ‘मिटला’ म्हणून लिहीत नाहीत, आणि पोलिसांच्या चौकशीत तो निघतो. प्रकरण लिहिल्याने परवाना आपोआप नाकारला जात नाही, पण लपवलेलं प्रकरण सापडलं की तुमच्या बाकीच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. भागीदारी किंवा कंपनी असेल तर प्रत्येक भागीदाराचं, संचालकाचं नाव आधार, पॅन आणि नोंदणीच्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं हवं.

कायद्याने प्राधिकाऱ्याला निर्णयासाठी ६० दिवस दिले आहेत, पण ते सगळी माहिती आणि शुल्क भरलेला पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. त्रुटी काढून परत आलेला अर्ज पूर्ण नव्हे. नकार द्यायचा तर तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, कारणं लिहूनच द्यावा लागतो. त्यावर ६० दिवसांत राज्याच्या गृहसचिवांकडे अपील करता येतं.

आता प्रशिक्षण. केंद्राच्या नमुना नियमांत, म्हणजे राज्यांनी आपले नियम करताना समोर ठेवायच्या मसुद्यात, परवानाधारकासाठी किमान सहा कामकाजाच्या दिवसांचं प्रशिक्षण आहे. सीमेवरचा पहारा आणि कारखान्याचं गेट ही वेगळी कामं आहेत. गेटवर तुमच्या माणसाला अटकेचा, झडतीचा पोलिसी अधिकार नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली कुठल्याही नागरिकाला जेवढा अधिकार आहे तेवढाच त्याला: समोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर पकडायचं आणि विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. चोरीच्या संशयावरून कामगाराला केबिनमध्ये डांबून ठेवलं की गुन्हा रक्षकावरच दाखल होतो. हा फरक तुमच्या माणसांना तुम्हीच शिकवायचा आहे.

परवाना मिळाल्यावर सहा महिन्यांत काम सुरू करायचं आणि ६० दिवसांत सुपरवायझर नेमायचे. पंधरा रक्षकांमागे एक सुपरवायझर. रक्षक वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतील तर दर सहांमागे एक. सुपरवायझर नेमताना सैन्यदल, पोलीस, होमगार्ड यांत किमान तीन वर्षं काढलेल्यांना प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. तुमच्या तुकडीतल्या जवानांसाठी ही चांगली वाट आहे.

प्रश्न: एजन्सीने दोन दिवस हॉलमध्ये बसवलं, दाखल्याचे म्हणून पगारातून पैसे कापले आणि तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला पाठवलं. हा दाखला खरा का? माझी उंची १५८ सेंटिमीटर आहे, त्यावरून पुढे काढून टाकतील का?
(सुरक्षा रक्षक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: दोन दिवसांत तो अभ्यासक्रम होऊच शकत नाही. नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर, किमान २० कामकाजाच्या दिवसांत, असं म्हटलं आहे. हिशेब सोपा आहे: १६० तासांना २० दिवस म्हणजे रोज आठ तास. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना सवलत आहे, पण तीही ४० अधिक १६ तास, किमान सात दिवस. त्यामुळे तुमच्या दाखल्यावर वीस दिवसांच्या तारखा छापल्या असतील आणि त्याच तारखांना मस्टरवर तुमची बारा तासांची ड्युटी लागलेली असेल, तर तो दाखला खोटा आहे. दाखल्याचा फोटो आणि पगारपत्रकातली कपातीची नोंद स्वतःजवळ ठेवा. लेखी तक्रार नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जाते. रक्षकाला शिकवण्याची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकली आहे.

हे आम्ही जोर देऊन लिहितो, कारण आग लागली तर कुठला सिलिंडर कुठल्या आगीला वापरायचा, हे त्या हॉलमधल्या दोन दिवसांत कुणी शिकवत नाही, आणि पहिला धूर दिसतो तो गेटवरच्या माणसाला.

उंचीचं म्हणाल तर नमुना नियमांत पुरुषांना १६० आणि स्त्रियांना १५० सेंटिमीटर आहे. पुरुषांची छाती ८० सेंटिमीटर, फुगवून चार सेंटिमीटर वाढ. दूरची नजर ६/६, चष्मा लावून चालते, पण रंगांधळेपणा नको. म्हणजे उंचीत तुम्ही दोन सेंटिमीटरने कमी पडता. हा मुद्दा नेमणुकीआधीच बघायला हवा होता. वय १८ ते ६५. दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, तीही एजन्सीनेच करून घ्यायची.

प्रश्न: आमच्या सोसायटीत चार वर्षं एकच एजन्सी आहे. मालक परवान्याची झेरॉक्स दाखवतो. रक्षकांचा गणवेश मात्र थेट पोलिसांसारखा खाकी आहे. काय तपासावं?
(सोसायटीचे सचिव, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: गणवेशापासून सुरू करा. पोलिसांचा किंवा सैन्याचा गणवेश, किंवा त्यासारखा दिसणारा अथवा त्यांच्या खुणा असलेला पोशाख रक्षकाने घातला, तर कलम २१ खाली रक्षक आणि एजन्सीचा मालक दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बिचारा रक्षक हातात दिलेलं घालतो आणि तोही अडकतो. आजच पत्र देऊन बदलायला सांगा.

मग एखाद्या संध्याकाळी गेटवर उभं राहून बघा. नियमाप्रमाणे रक्षकाच्या खांद्यावर किंवा छातीवर हुद्द्याचा बिल्ला, डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी, लेस बांधायचे बूट, डोक्यावर टोपी, जवळ वही आणि पेन असावं. फोटोचं ओळखपत्र कमरेच्या वर, सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर, दिसेल असं. पाकिटातून काढून दाखवलेलं ओळखपत्र नियमात बसत नाही. त्यावरची मुदत वाचा. ती उलटलेली असेल तर आतले कागदही तितकेच शिळे असतील, असं समजून पुढे तपासा.

परवाना पाच वर्षांचा असतो. झेरॉक्सवर तारीख आणि जिल्ह्यांची यादी बघा, पुणे जिल्हा त्यात हवा. मूळ परवाना कार्यालयात दर्शनी भागात लावणं एजन्सीला बंधनकारक आहे, तिथे जाऊन बघा. प्रत्येक रक्षकाची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षणाचा दाखला मागा. एजन्सीला रक्षकांची नावं, पत्ते, फोटो आणि पगार यांची नोंदवही ठेवावीच लागते, त्यामुळे ‘कागद गावी आहेत’ हे उत्तर स्वीकारू नका.

महाराष्ट्रात याशिवाय रक्षकांच्या नोकरीचं आणि कल्याणाचं नियमन करणारा १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षक कायदा आणि त्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. तुमच्या जिल्ह्यातल्या मंडळाला विचारून घ्या की ही एजन्सी त्या कायद्यातून सूट मिळालेली आहे का. पसारा परवाना आणि ही सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न: मुलीच्या लग्नाआधी मुलाची चौकशी करायची आहे. एक गुप्तहेर ‘सरकारमान्य परवाना’ दाखवतो आणि मुलाच्या कॉलची यादी काढून देतो म्हणतो.
(एक पालक, नाशिक)

उत्तर: त्याच्या हातातला कागद बहुधा गुमास्ता असेल, म्हणजे दुकानाची नोंदणी. भारतात खासगी गुप्तहेराचा परवानाच नाही. २००७ साली राज्यसभेत त्यासाठी विधेयक आलं होतं, कायदा झाला नाही. पसारा कायदा माणसाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणापुरता आहे, तपासाचं काम त्यात येत नाही.

कॉलची यादी म्हटलं की तिथेच बोलणं थांबवा. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ खाली ही माहिती बेकायदा मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशाच याद्या विकल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पैसे देऊन यादी मागवणाराही चौकशीत ओढला जातो.

तुम्हाला हवं ते बरंचसं उघड नोंदींत मिळतं. न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर नाव टाकून खटले, कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर संचालकपद, सातबाऱ्यावर जमीन, विद्यापीठाला पत्र लिहून पदवीची खातरजमा. तरीही माणूस नेमायचा असेल तर काय करायचं आणि काय नाही हे लिहून घ्या: शेजाऱ्यांना विचारणं, सार्वजनिक जागी बघणं चालेल; फोन, ईमेल, गाडीला लपवलेलं ट्रॅकर आणि ‘मी पोलीस आहे’ असं सांगणं चालणार नाही. शेवटच्या गोष्टीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली किमान सहा महिन्यांची कैद आहे.

प्रश्न: कोल्हापुरातला आमचा परवाना पूर्ण महाराष्ट्राचा आहे. गोव्यातल्या एका हॉटेलचं आणि बेळगावातल्या गोदामाचं काम घेता येईल का? परवान्याची मुदतही संपत आली आहे.
(एजन्सी चालक, कोल्हापूर)

उत्तर: त्या परवान्यावर नाही. गोवा आणि कर्नाटक, दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्क. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी द्यावा लागतो आणि त्यावर ३० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तुमच्या मुदतीला दोन महिने उरले असतील तर हॉटेलशी बोलणं बाजूला ठेवून आधी महाराष्ट्राचा अर्ज भरा.