वाचकांचे प्रश्न : युद्धपटातील बंदुका आणि गोळ्यांचा हिशेब

प्रश्न : मे महिन्यात मुंबईकर मुले गावी आली की आमच्या वाडीत रात्री खळ्यात पडदा बांधून चित्रपट दाखवतात. या वेळी ‘ब्लॅक हॉक डाऊन’ पाहिला. एकाच कामगिरीवर निघालेल्या सैनिकांच्या हातांत इतक्या निरनिराळ्या बंदुका कशा? कोसळलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरपाशी दोघेच सैनिक उतरतात, त्यांतल्या एकाकडे तर जुन्या वळणाची लांब रायफल आहे. ही दिग्दर्शकाची हौस, की खरोखरच तसे होते? शिवाय वडिलांच्या बारा बोरच्या बंदुकीने एक बार काढला तरी माझा खांदा ठणकतो. या सैनिकांना धक्का कसा जाणवत नाही?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : ती हौस नव्हे. हा चित्रपट ३ आणि ४ ऑक्टोबर १९९३ रोजी सोमालियाच्या मोगादिशू शहरात झालेल्या लढाईवर बेतलेला आहे आणि रिडली स्कॉट यांनी तो २००१ साली मोरोक्कोत चित्रीकरण करून पडद्यावर आणला. त्यात अमेरिकेचे दोन प्रकारचे सैनिक दिसतात. रेंजर हे तरुण पायदळ सैनिक; त्यांच्या हाती तुकडीच्या नियमाप्रमाणे दिलेल्या एम-१६ जातीच्या रायफली आणि मशीनगन असतात. दुसरे डेल्टा पथकातले, वयाने व अनुभवाने मोठे, पारखून घेतलेले सैनिक. आपले शस्त्र आपण ठरवण्याची पुष्कळ मोकळीक त्यांना असे, म्हणून त्यांच्याकडे एम-१६ चीच आखूड नळीची आवृत्ती, म्हणजे कार-१५, अधिक दिसते. गल्लीबोळांत, दारांतून आत शिरताना आणि हेलिकॉप्टरमध्ये बसताना नळी आखूड असणे फार सोयीचे असते.

तुम्ही हेरलेली लांब रायफल म्हणजे एम-१४. ती हेलिकॉप्टरपाशी उतरणाऱ्या त्या दोघांपैकी डेल्टा पथकातल्या रँडी शुगार्ट यांची, आणि प्रत्यक्षातही ते हीच रायफल वापरत असत. अमेरिकी सैन्याने ती १९५७ साली स्वीकारली होती आणि पुढच्याच दशकात तिची जागा एम-१६ ने घेतली. म्हणजे १९९३ साली ती खरोखरच मागच्या पिढीची होती. तरीही शुगार्ट यांनी ती धरून ठेवली, कारण तिची ७.६२ मिलिमीटरची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास भरते, तर एम-१६ ची ५.५६ मिलिमीटरची गोळी जेमतेम चार ग्रॅमची. जड गोळी दूरवर आपला जोर टिकवते आणि आडोशामागच्या माणसापर्यंतही पोहोचते. हेलिकॉप्टरमधून नेम धरणाऱ्या निशाणबाजाला याहून अधिक काय हवे? मोबदल्यात जड रायफल, जड काडतुसे आणि मॅगझीनमध्ये, म्हणजे रायफलीला जोडायच्या काडतुसांच्या पेटीत, तीसऐवजी वीसच राऊंड (काडतुसे), हे त्याला पत्करावे लागते. पात्राचा स्वभाव त्याच्या शस्त्रातून दिसतो तो असा, आणि या चित्रपटाने ती निवड जशीच्या तशी ठेवली याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आता खांद्याचे. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला की धक्क्याचा अंदाज येतो. बारा बोरच्या काडतुसातून सुमारे ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला जवळजवळ ४०० मीटर वेगाने सुटतात. एम-१६ ची चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या वर जाते. गुणाकार करून पाहिलात तर तुमच्या वडिलांच्या बंदुकीचा धक्का तिपटीहून अधिक भरतो. त्यातून शेतावरची एकनळी वजनाला हलकी, तिचा दस्ता खाली झुकलेला, त्यामुळे नळी वर उसळते आणि दणका सगळा खांद्याच्या हाडावर येतो. एम-१६ चा दस्ता नळीच्या सरळ रेषेत असतो आणि गोळीमागच्या वायूचा काही भाग पुढचे राऊंड भरण्याच्या कामी खर्च होतो. म्हणजे सैनिकाचा खांदा हलत नाही, हे चित्रपटात बरोबरच दाखवले आहे. चुकीचे आहे ते अनेक युद्धपटांत गोळी लागताच माणूस चार हात मागे उडतो ते. जी गोळी सोडणाऱ्याला हलवत नाही, ती लागणाऱ्याला उडवणार कशी? ८० किलोच्या माणसाला तिच्यामुळे सेकंदाला पाच सेंटिमीटरचाही वेग मिळत नाही. तो कोसळतो तो जखमेने, आणि पुष्कळदा जागच्या जागी.

माझ्या मते युद्धपटाचा खरा कस बंदुकीच्या नावात नसून राऊंडच्या हिशेबात लागतो. तीस राऊंडचे मॅगझीन सलग सोडले तर सुमारे अडीच सेकंदांत रिकामे होते. रेंजरांच्या एम-१६ ए-२ रायफलीत तर सलग मारा मुद्दाम ठेवलेलाच नाही. चाप दाबला की फार तर तीन गोळ्या सुटतात. सात मॅगझीन घेऊन निघालेल्या सैनिकाकडे एकूण २१० राऊंड होतात, आणि मोगादिशूची लढाई दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. म्हणून पाहताना नायकाचा डावा हात पाहा. तो मॅगझीन बदलतो का, साथीदाराकडे मॅगझीन मागतो का, एकेक गोळी जपून सोडतो का? शुगार्ट आणि त्यांचे सहकारी गॅरी गॉर्डन कोसळलेल्या हेलिकॉप्टरपाशी उतरले तो प्रसंग या हिशेबाचाच आहे. दोघांनाही १९९४ साली मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. गॉर्डन यांच्या मानपत्रात असे नोंदले आहे की शेवटचे पाच राऊंड उरलेली एक रायफल त्यांनी अवशेषांतून शोधून जखमी वैमानिकाच्या हाती दिली आणि त्याला शुभेच्छा दिल्या. चित्रपटात गॉर्डन आधी पडतात आणि रायफल देण्याचे काम शुगार्ट करतात, एवढा फरक आहे. पण राऊंड संपत आल्याची जाणीव दोन्हींकडे सारखीच आहे.

हे लिहिताना नाईक यशवंत घाडगे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. माणगाव तालुक्यातले हे मराठा पलटणीचे जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगन या हातात धरायच्या छोट्या मशीनगनने आणखी एकाला टिपले, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही असे दिसताच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. भरलेले मॅगझीन किती मोलाची गोष्ट ठरते हे दाखवणारा याहून थेट प्रसंग मला माहीत नाही, आणि तो आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणसाचा आहे.

प्रश्न : पडद्यावर दूरच्या बंदुकीचा जाळ आणि आवाज एकाच क्षणी येतात. आमच्याकडे खाडीपलीकडे कोणी रानडुकरावर बार काढला तर धूर आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो. मग खरे काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : खाडी खरे सांगते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर रुंद पात्रापलीकडचा बार जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू येतो. चित्रपटात हे अंतर बहुतेक वेळा पुसून टाकतात, कारण प्रेक्षकाला ती ध्वनिमुद्रणाची चूक वाटेल अशी भीती असते. रायफलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तिची गोळी आवाजाहून वेगाने जाते. तीनशे मीटरवरच्या माणसापर्यंत ती अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचते, तर बाराचा आवाज पोहोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो. म्हणून ज्याच्यावर गोळी झाडली आहे त्याला आधी डोक्यावरून चाबूक फुटल्यासारखा कडाका ऐकू येतो आणि मागून बंदुकीचा बोजड ठोका. या दोन आवाजांमधल्या अंतरावरून अनुभवी सैनिक शत्रू किती दूर आहे ते ओळखतो.

जवळच्या आवाजाबद्दल मात्र वरील चित्रपट प्रामाणिक आहे. त्यात ट्वॉम्बली नावाचा सैनिक एम-२४९ मशीनगन साथीदाराच्या कानाजवळून चालवतो आणि तो साथीदार, नेल्सन, पुढे बराच वेळ बहिरा होऊन वावरतो. इतर चित्रपटांतली माणसे बंद खोलीत शेकडो राऊंड झाडून लगेच कुजबुजत बोलतात, ते अशक्य आहे.

प्रश्न : माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. कारगिलवरचा चित्रपट पाहताना ते म्हणाले, “आमच्या वेळी ही रायफल नव्हती.” आपल्या सैन्यावरच्या चित्रपटात कोणत्या काळी कोणती रायफल दिसायला हवी?
— एक वाचक, महाड

उत्तर : ढोबळ मानाने सांगतो. १९६२ च्या युद्धावरच्या चित्रपटात थ्री-नॉट-थ्री हवी, जिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढावा लागतो. १९७१ साठी ईशापूरची ७.६२ मिलिमीटरची एसएलआर, वीस राऊंडच्या मॅगझीनची. तुमच्या काकांच्या खांद्यावर बहुधा हीच असावी. १९९९ च्या कारगिलसाठी ५.५६ मिलिमीटरची इन्सास, जी तिच्या आरपार दिसणाऱ्या मॅगझीनवरून चटकन ओळखू येते, आणि तिच्या जोडीला एके-४७. थंडीत इन्सासच्या मॅगझीनला तडे जात असल्याच्या तक्रारी त्या युद्धात पुढे आल्या होत्या. एखादा चित्रपट बर्फातल्या चढाईत ते तडकलेले मॅगझीन दाखवील तर त्याने अभ्यास केला आहे असे खुशाल समजावे. अलीकडच्या काळातल्या कथानकात २०१९ साली ७२,४०० नगांचा करार झालेली सिग-७१६ किंवा अमेठीजवळच्या कोरव्यात तयार होणारी एके-२०३ दिसू शकते. पॅरा कमांडोंच्या हाती इस्रायली टॅव्होर दिसली तर तेही बरोबर आहे.

प्रश्न : शिमग्याला आम्ही गावात युद्धावरचे नाटक बसवत आहोत. चित्रपटात खऱ्या बंदुकीत खोटी काडतुसे घालतात असे ऐकले. गावात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. छर्रे काढून टाकलेले काडतूस घालून ती रंगमंचावर उडवली तर चालेल का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : मुळीच चालणार नाही. तो परवाना पिकाचे रानडुकरांपासून व माकडांपासून रक्षण करण्यासाठी दिलेला असतो. बंदूक दुसऱ्याच्या हाती देणे आणि जमावात उडवणे यामुळे परवानाही जाईल आणि परवानाधारकावर गुन्हाही दाखल होईल.

त्याहून गंभीर बाब जिवाची आहे. छर्रे काढले तरी दारू तीच असते, आणि नळीतून तापलेला वायू व दारूवरचे बूच भयंकर जोराने बाहेर पडतात. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी नटाने ब्लँक, म्हणजे गोळी नसलेले काडतूस, भरलेले रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. कवटी फुटून तो गेला. १९९३ साली ब्रँडन ली याचा मृत्यू झाला तो आधीच्या दृश्यात नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा पुढच्या ब्लँकच्या जोराने सुटल्यामुळे. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत चित्रपटाच्या दृश्याची तालीम चालू असताना बंदुकीतून खरी गोळी सुटून छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला. या सगळ्या ठिकाणी व्यावसायिक मंडळी हजर होती.

चित्रपटात ब्लँक वापरतात तेव्हा नळीत अडसर बसवलेला असतो, कारण गोळी नसल्यामुळे पुढचे राऊंड भरण्याइतका वायूचा दाब एरवी साठत नाही. आणि प्रत्येक बंदुकीची तपासणी करणारा स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. गावच्या रंगमंचावर यातले काहीच होणार नाही. गावच्या सुताराकडून फणसाच्या किंवा आंब्याच्या फळीची रायफल करून घ्या, वजनासाठी दस्त्यात लोखंडी पट्टी बसवा, म्हणजे नटाचे हात आपोआप खऱ्यासारखे वागतील. आवाज विंगेतून ध्वनिक्षेपकावर द्या. नटांना दोन सवयी मात्र लावा. गोळी झाडायची नसेल तेव्हा बोट चापावर नको, बाजूला सरळ हवे. आणि ठरावीक गोळ्यांनंतर कमरेच्या पिशवीतून दुसरे मॅगझीन काढून बसवायचे. तेही लाकडी करून घ्या, प्रत्येकी निदान दोन.