विळा थांबतो तिथून

मुलुंड, मुंबई

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

जॉन कीट्स या इंग्रज कवीच्या ‘टू ऑटम’ (शरद ऋतूला) या कवितेवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. एकदा लोकलमध्ये, आणि रात्री परत हातात पेन्सिल घेऊन. मेहनत पानापानावर दिसते, म्हणून स्पष्टच लिहिते: पहिली दोन पानं काढून टाक. फ्रेंच राज्यक्रांती, १७९८ सालचा ‘लिरिकल बॅलड्स’ हा कवितासंग्रह, निसर्गाकडे परतणारे कवी, सगळं बरोबर आहे. पण तोच मजकूर शेलीवरच्या निबंधातही जसाच्या तसा चालेल. या कवितेबद्दल त्यात अक्षर नाही.

तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र तू लिहिलंस, “दुसऱ्या कडव्यात विळा थांबलेला आहे,” आणि लगेच पुढे निघून गेलीस. अगं, तुझा निबंध तिथेच आहे.

दहावीला आपण रसग्रहण लिहितो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. कविता सुंदर आहे हे आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त दाखले जोडायचे. ती सवय आता सोड. आता एखादी जागा खटकली की तिथे बसून राहायचं. विळा का थांबला? कापणारी बाई, म्हणजे तो ऋतूच, अर्ध्या कापलेल्या सरीत अफूच्या फुलांच्या वासाने गुंगून झोपली आहे, आणि पुढचा पट्टा फुलांसकट वाचला आहे. त्याच कडव्यात ती सफरचंदाचा रस गाळणाऱ्या चरकाशी बसून शेवटचे थेंब तासन् तास निथळताना पाहते. मग पहिल्या कडव्याकडे परत जा. तिथल्या मधमाश्यांना वाटतं, हे उबदार दिवस कधी संपणारच नाहीत. दिसलं का? शेवट जवळ आला की ही कविता पाऊल सावकाश टाकते.

हे झालं तुझं म्हणणं. ते एका वाक्यात लिही आणि पहिल्या परिच्छेदात ठेव. समोरच्याला “कशावरून?” असं विचारावंसं वाटलं पाहिजे. ‘कवीने शरदाचं मनोहर चित्र रेखाटलं आहे’ या वाक्याला कोण काय विचारणार?

पुरावा फक्त अर्थात शोधू नकोस, बांधणीतही बघ. त्याच वर्षीच्या, म्हणजे १८१९च्या, ‘नाइटिंगेल’ आणि ‘ग्रीशन अर्न’ या त्याच्या ओड्समध्ये (कशाला तरी उद्देशून लिहिलेल्या कवितांमध्ये) दहा-दहा ओळींची कडवी आहेत, इथे अकरा. नववी-दहावी ओळ एकमेकींशी यमक जुळवतात, कडवं मिटल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात अजून एक ओळ येते. मोठ्याने वाच, कानाला कळेल. यमकांची अक्षरं मांडून तू अर्धं पान भरलंस, पण त्या जास्तीच्या ओळीबद्दल काहीच बोलली नाहीस. नुसती मोजणी कशाला? ओळ तुझ्या विळ्याशी जोड.

कवितेच्या शेवटच्या ओळीत आकाशात जमणाऱ्या पाकोळ्यांबद्दल (स्वॅलो) थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या वयात मीही इथेच चुकले होते. आपल्याकडे पाकोळ्या थंडीच्या सुमाराला येतात, भांडुप पंपिंगच्या बाजूला तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात. म्हणून मी लिहिलं होतं की कविता आगमनाच्या आनंदात संपते. सरांनी समासात एवढंच लिहिलं: “त्या येताहेत की निघाल्यात?” इंग्लंडातल्या पाकोळ्या शरदात गोळा होतात त्या आफ्रिकेकडे निघण्यासाठी. कवितेत हिवाळ्याचं नावही नाही, तरी त्या शेवटच्या ओळीत तो आहे. आणि तिथेही त्या नुसत्या जमताहेत, उडून गेलेल्या नाहीत. पुन्हा तुझा विळाच.

चरित्र अजिबात नको असं नाही. क्षयाचं राहू दे. १८२१च्या फेब्रुवारीत, पंचविसाव्या वर्षी कीट्स रोममध्ये त्याच रोगाने वारला, पण १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टरला ही कविता लिहिताना तो शेवट त्याच्यापुढे नव्हता. त्यापेक्षा दोनच दिवसांनी त्याने रेनल्ड्स या मित्राला लिहिलेलं पत्र घे. फिरायला गेल्यावर कापणी झालेलं रान त्याला वसंताच्या थंडगार हिरव्यापेक्षा आवडलं, उबदार वाटलं, असं त्यात आहे. तिसऱ्या कडव्यात त्याच धसकटांवर गुलाबी उजेड पडतो. पत्र आणि ओळ शेजारी ठेव. चरित्रातलं असं काही शब्दाला भिडत असेल तर जरूर वापर.

अवतरणं लांब नकोत. चार शब्द उचल, आणि त्यांच्यावर चार वाक्यं बोल. ‘कवीला असं म्हणायचं आहे’ हे तू सात वेळा लिहिलंस, ते सगळीकडून काढ. या कवितेत ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. कवी इतका बाजूला सरकलाय, तर तूही त्याला मध्ये ओढू नकोस. कडवं काय करतं, क्रियापद काय करतं, ते सांग.

समारोपाची चिंता आत्ता नको. रविवारी सकाळी ये, फक्त पहिला परिच्छेद घेऊन. आणि कवितेची प्रत हाताने उतरवून आण, झेरॉक्स नको. उतरवताना जिथे हात अडेल तिथे टिंब कर. ती टिंबं मला बघायची आहेत.

तुझी,
मावशी