मुलाच्या नकला आणि घराचा हप्ता

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपला २८ वर्षांचा मुलगा सीए आहे, मुंबईतील एका कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात नोकरी करतो, शनिवार-रविवारी ओपन माइकमध्ये (जिथे कोणालाही मंचावर येऊन काही सादर करता येते) आणि अधूनमधून सुपारीच्या, म्हणजे मानधन ठरवून घेतलेल्या, कार्यक्रमांत पुढाऱ्यांच्या व नटांच्या नकला करतो, आणि मार्चनंतर राजीनामा देऊन पूर्णवेळ हेच करण्याचा त्याचा विचार आहे. ‘एमबीएच्या मार्गदर्शनाचे निमित्त करून त्याला आपल्याकडे पाठवतो, आपण त्याचे मन वळवा,’ असे आपण सुचवले आहे. हे मी करणार नाही. कमावत्या मुलाला खोटे कारण सांगून माझ्यासमोर बसवले, तर त्याचा माझ्यावरचा विश्वास पहिल्या पाच मिनिटांत संपेल आणि आपल्यावरचा त्याआधीच.

पत्राच्या बहुतेक भागात त्याच्या भवितव्याची, लग्नाची आणि नातेवाइकांच्या बोलण्याची काळजी आहे. शेवटी मात्र जाता जाता आपण लिहिता की, गेल्या वर्षी डोंबिवलीचे घर विकून ठाण्यात मोठी सदनिका घेतली, कर्जात मुलगा सहकर्जदार आहे, दरमहा ४८ हजारांचा हप्ता त्याच्याच पगारातून जातो आणि आपण दोन वर्षांनी निवृत्त होणार आहात. हा मजकूर पत्राच्या पहिल्या ओळीत असायला हवा होता. आपल्या भीतीचे कारण रास्त आहे. पण ती भीती आपण त्याच्यासमोर पैशांच्या भाषेत मांडत नाही, ‘आपल्या घराण्यात तमाशाला कोणी गेले नव्हते’ अशा शब्दांत मांडता, आणि आईचा रक्तदाब पुढे करता. अशा बोलण्याला मुलाकडे उत्तर नसते. तो फक्त घरी बोलणे कमी करतो. आपल्या पत्रावरून तो तेच करू लागला आहे. हेच वाक्य आपल्याला त्याच्या लहानपणी कधी आठवले नाही, कारण सोसायटीच्या गणपतीत माइक त्याच्या हातात आपणच देत होता, असेही आपण लिहिले आहे. पाहुण्यांपुढे मिरवताना जे कौतुकाचे होते, ते पोटापाण्याचे ठरू लागताच लाजिरवाणे कसे झाले, याचा कृपया विचार करावा.

हप्त्याचा प्रश्न सोडवण्याजोगा आहे. सहकर्जदाराची जबाबदारी राजीनाम्याने संपत नाही, हे त्याला सीए म्हणून ठाऊक असणारच. तेव्हा निवृत्तीनंतर मिळणाऱ्या रकमेतून किती कर्ज फेडता येईल, मुदत वाढवून हप्ता किती खाली येईल, आणि ते जमत नसेल तर लहान घरात परत जाण्याची आपली तयारी आहे का, हे आकडे कागदावर मांडून तिघांनी एकत्र बसावे. घर मोठे असावे ही इच्छा आपली होती. तिची किंमत एकट्या मुलाच्या आयुष्यातून वसूल करणे मला न्याय्य वाटत नाही.

आता त्याच्या बाजूची एक गफलत. ‘आवाज हुबेहूब काढतो, यात वाद नाही,’ असे आपणही लिहिले आहे, आणि आवाज हुबेहूब असला की कारकीर्द होते, असे बहुधा तो समजत असावा. हुबेहूब आवाजाचे आश्चर्य काही मिनिटांत ओसरते. त्यानंतर प्रेक्षक ऐकतो ते लिखाण. शिवाय ज्या पुढाऱ्याची नक्कल आज टाळ्या घेते, तो पाच वर्षांनी कोणाच्या लक्षातही नसेल. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या, आणि त्यांत कोणी प्रसिद्ध माणूस नव्हता, ती गावाकडची माणसे त्यांनी स्वतः लिहिली होती, म्हणून प्रयोग वर्षानुवर्षे चालला. हे सर्व त्यांनी विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत असताना केले, हेही आपल्या आणि आपल्या मुलाच्या उपयोगाचे आहे. उसन्या आवाजाला कायद्याचीही एक बाजू आहे. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचे नाव, आवाज आणि ‘झकास’ म्हणण्याची लकब यांच्या परवानगीविना व्यापारी वापराला मनाई केली. व्यंग आणि विडंबनाला त्या आदेशातही जागा आहे. परंतु नटाचा आवाज काढून एखाद्या दुकानाची जाहिरात करून देणे हे सोपे उत्पन्न आता धोक्याचे आहे.

‘सीएची पदवी वाया जाईल’ ही आपली भीती निराधार आहे. वार्षिक शुल्क भरत राहिल्यास सीएंच्या संस्थेचे (आयसीएआयचे) सदस्यत्व टिकते आणि नोकरीकडे परतता येते. मात्र राजीनाम्यानंतर जोडीला स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल, तर प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला दुसरा व्यवसाय करण्यासाठी संस्थेच्या परिषदेची परवानगी लागते. ती त्याने आधी घ्यावी. नाट्यप्रशिक्षण संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे आपण विचारले आहे. या कामासाठी त्यांची सक्ती नाही.

माझे मत असे की, मार्च ही तारीख घाईची आहे. आपल्या म्हणण्यानुसार त्याच्याकडे आज दहा-बारा मिनिटांचा मजकूर आहे. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर त्याला स्वतः लिहिलेला तासाभराचा कार्यक्रम लागेल, आणि तो नोकरीत राहूनही लिहिता येतो. जॉनी लिव्हर यांचा दाखला तो देतो, असे आपण म्हणता. तेही हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात काम करत असतानाच स्टेजवर कार्यक्रम करत होते आणि जम बसल्यावर, १९८१ मध्ये, त्यांनी ती नोकरी सोडली. सुपारीचे कार्यक्रम गणेशोत्सवात आणि कंपन्यांच्या वार्षिक समारंभांच्या दिवसांत गर्दीने येतात, एरवी महिने कोरडे जातात, आणि ठरलेली नाइट, म्हणजे कार्यक्रमाचे मानधनही, अनेकदा उशिरा हाती पडते. म्हणून एक वर्षाचा घरखर्च आणि हप्त्यातील त्याचा ठरलेला वाटा बाजूला पडेपर्यंत त्याने राजीनामा देऊ नये. तेवढी रक्कम जमली आणि कार्यक्रम उभा राहिला, तर त्याला अडवण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.

हे पत्र त्याला वाचायला द्यावे. त्याला भेटावेसे वाटले, तर वेळ त्याने स्वतः ठरवावी आणि येताना लिहिलेल्या मजकुराची वही आणावी. आपण दोघांनी मात्र त्याआधी कर्जाची कागदपत्रे घेऊन बँकेत जाऊन यावे.