नैराश्यात घर आवरण्यासाठी मदत कशी मागावी?

गेले दोन महिने घर आवरणे होत नाही, हा आळस आहे की नैराश्य हे कळत नाही, आणि पसारा इतका आहे की मदतीला कोणाला बोलावण्याचीही लाज वाटते, असे आपण लिहिले आहे. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकटी राहते आणि या आजाराचे हे माझे सहावे वर्ष आहे, त्यामुळे स्वतः अनुभवलेले तेवढेच सांगते.

लाजेचे म्हणाल तर आमच्या शहरात ती नवरात्राच्या तोंडावर सर्वाधिक छळते. घट बसण्याआधी घरोघरी अंथरूण-पांघरूण धुवायला निघते, पंचगंगेच्या घाटावर गोधड्या-चादरींची रास पडते, आणि त्याच दिवसांत माझ्या ओट्यावर चार दिवसांची खरकटी भांडी, खुर्चीवर कपड्यांचा ढीग आणि दारामागे न फोडलेली विजेची बिले असत. शेजारच्या काकींनी 'आवरलं का गं सगळं?' असे सहज विचारले, तरी मी आतून कडी लावून घेत असे. अखेर एक नातेवाईक बाई आल्या आणि त्यांनी मायेने, पण मला काहीही न विचारता, एका दिवसात घर लख्ख केले. त्यानंतर आठवडाभर मला औषधाची चिठ्ठी सापडली नाही आणि महिन्याभरात पसारा होता तिथे परत आला.

या प्रसंगातून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पसारा आवरणे हे वरवर अंगमेहनतीचे काम दिसते, प्रत्यक्षात ते शेकडो बारीक निर्णयांचे काम असते: हे ठेवायचे की टाकायचे, ठेवायचे तर कुठे, आत्ता की नंतर. नैराश्यात थकवा येतो तशी निर्णय घेण्याची शक्तीही आटते, म्हणून माणूस ढिगासमोर तासभर नुसता उभा राहतो. याला आळस म्हणणे मला मान्य नाही.

त्यामुळे आधी डॉक्टर, मग झाडू. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. मी सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून गेले होते. घराबाहेर पडणेच जमत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची निःशुल्क फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर तो फोन आजच करावा. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून ती मनाने बंद करू नयेत, हे मी एकदा ती चूक करून शिकले आहे. जुने वर्तमानपत्र टाकतानाही जीव कासावीस होत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण वस्तू साठवत राहण्याचा विकार वेगळा मानला जातो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

मदतीसाठी मी नात्यातले कोणी न बोलावता घरकाम करणाऱ्या मावशींना पैसे देऊन, आठवड्यातून दोनदा, एकेक तासासाठी बोलावले. उपकाराचे ओझे नसले की लाज निम्म्याने उतरते. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितले, 'मावशी, मी आजारी आहे, मला सुचत नाही. तुम्ही एकेक वस्तू हातात धरा आणि फक्त ठेवू की टाकू एवढेच विचारा.' उत्तर सुचले नाही की ती वस्तू एका रिकाम्या तांदळाच्या पोत्यात जात असे आणि तिचा विचार त्या दिवशी बंद. कुजणारा कचरा दुसऱ्या दिवशी सकाळच्या घंटागाडीत जाई, कागद रद्दीवाल्याकडे. सुरुवात आम्ही दारापासून अंथरुणापर्यंतच्या वाटेने केली, मग गॅसची शेगडी, मग औषधे आणि बिले ठेवायचा एक डबा; एवढ्यालाच तीन आठवडे गेले. कपाटांना आम्ही हातही लावला नाही.

मावशी कशा शोधाव्यात याचे उत्तर सोपे आहे: गल्लीत ज्या घरी त्या आधीपासून येतात, तिथे विचारावे. घरची गोष्ट बाहेर जाईल ही भीती मलाही होती. माझ्या मावशींनी घर पाहून एवढेच म्हटले, 'याहून जास्त बघितलंय मी, चहा टाका आधी.' त्या पोत्यातले अर्धे सामान अजून तसेच आहे. मावशी अधूनमधून त्याच्याकडे बोट दाखवतात, मी नाही म्हणते, आणि आम्ही भांड्यांकडे वळतो.